आहे, असावे आणि म्हणे : तेरचे वस्तुसंग्रहालय आणि स्पष्टीकरणपर मराठी गद्य

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात कविता, कथा, कादंबरी व नाटक या ललित प्रकारांना जे स्थान मिळाले, ते स्पष्टीकरणपर गद्याला क्वचितच मिळाले आहे. अशा गद्याकडे आशयाच्या सोयीसाठी वापरलेली भाषा म्हणून पाहिले जाते. तिच्या घडणीचा स्वतंत्र विचार होत नाही. या गद्याचा एक उपप्रकार तर जवळजवळ दुर्लक्षितच राहिला आहे. वस्तुसंग्रहालयातील एखादी वस्तू समोर ठेवून तिचे विज्ञान आणि तिचा इतिहास सर्वसामान्य वाचकाला उलगडून सांगणारे लेखन, हा तो उपप्रकार होय. वस्तूशेजारची चार ओळींची पाटी, संग्रहालयाची मार्गदर्शिका आणि नियतकालिकातील परिचयपर लेख ही त्याची निरनिराळी रूपे आहेत. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर येथील संग्रहालयाच्या आधारे या लेखनाच्या भाषिक बाजूचा विचार करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा मर्यादित हेतू आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

संग्रहालयासाठी मराठीत रूढ झालेले शब्द पाहिले तर दृष्टीत पडत गेलेला फरक लक्षात येतो. ‘अजबखाना’ या शब्दात आश्चर्य आहे. नागपूरचे १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय आजही ‘अजब बंगला’ याच नावाने लोकांच्या तोंडी आहे. ‘पदार्थसंग्रहालय’ आणि ‘वस्तुसंग्रहालय’ या शब्दांत आश्चर्य मागे पडते आणि संग्रहाची शिस्त पुढे येते. तथापि प्रेक्षकाची वृत्ती शब्दाबरोबर बदलतेच असे नाही. काचेमागची वस्तू पाहून ‘काय अजब आहे!’ असे म्हणणारा प्रेक्षक आणि ‘हे कशावरून?’ असे विचारणारा प्रेक्षक यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते लेखनाने ओलांडावयाचे असते.

या कामी मराठी भाषेजवळ एक उपजत साधन आहे. ‘ही मूर्ती हस्तिदंताची आहे’, ‘ही मूर्ती आरशाची मूठ असावी’ आणि ‘ही मूर्ती लक्ष्मीची आहे म्हणे’ ही तीन विधाने ज्ञानाच्या तीन वेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. पहिल्यातील क्रियापद स्वार्थी असून ते पडताळलेली गोष्ट सांगते. दुसऱ्यातील विध्यर्थी रूप तर्क सूचित करते. तिसऱ्यातील ‘म्हणे’ हे मूळचे क्रियारूप आता अव्ययासारखे वापरले जाते आणि ‘हे ऐकलेले आहे, त्याची हमी बोलणारा देत नाही’ असे सुचवते. गावात रोजच्या बोलण्यातही ही तीन रूपे अचूकपणे वापरली जातात. लेखणी हाती घेतल्यावर मात्र पुष्कळदा तिन्हींच्या जागी ‘आहे’ येऊन बसते. तेरच्या संग्रहालयाने हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा केला आहे.

२. तेर आणि तेथील संग्रह

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे वारकऱ्यांना संत गोरोबा काकांचे गाव म्हणून परिचित आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते सातवाहनकालीन ‘तगर’ नगर म्हणून ठाऊक आहे. गावाभोवतीच्या टेकाडांतून पावसाळ्यात मणी, नाणी, मृण्मूर्ती व खापरे उघडी पडत. गावातीलच एक रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू जमविल्या व जपल्या. हा संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि त्यातूनच त्यांच्या नावाचे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय तेर येथे उभे राहिले. ब्रिटिश कलाभ्यासक डग्लस बॅरेट यांनी १९६० मध्ये तेरवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. तत्पूर्वी १९५८ मध्ये बी. एन. चापेकर यांनी येथे उत्खनन केले होते. त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला.

उत्खनन आणि वेचणी यांतील फरक येथे स्पष्ट केला पाहिजे. उत्खननात वस्तू कोणत्या थरात, किती खोलीवर व कशाच्या सोबत सापडली याची नोंद होते. पावसाने वाहून आलेली, गुराख्याच्या किंवा नांगरणाऱ्याच्या हाती लागलेली वस्तू या सर्व साक्षीपुराव्यापासून तुटलेली असते. लामतुरे यांनी ती जपली नसती, तर ती कायमचीच हरवली असती. त्यांचे हे ऋण निर्विवाद आहे. परंतु वेचलेल्या वस्तूविषयी लिहिताना ‘असावे’ या रूपाचा आश्रय वारंवार घ्यावा लागतो. तेरच्या वस्तूंविषयी लिहिणाऱ्याची कसोटी येथेच लागते.

३. ‘आहे’चे क्षेत्र : द्रव्य आणि खुणा

नोंद हरवलेली वस्तूही काही गोष्टी निश्चितपणे सांगते. ती कशाची घडली आहे, हे तिच्या अंगावरच लिहिलेले असते; ते वाचण्याची विद्या निसर्गविज्ञानाची असते. पुराणवस्तूंचे संग्रहालय येथे निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाच्या शेजारी येऊन बसते. तेर येथे सापडणाऱ्या शंखाच्या बांगड्यांच्या तुकड्यांचे उदाहरण घेता येईल. अशा बांगड्या ज्या समुद्री शंखापासून कापतात त्याचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम असे आहे. हा प्राणी गोड्या पाण्यात राहत नाही. भारतात तो मुख्यतः कच्छ-सौराष्ट्राच्या आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांलगत मिळतो. तेरपासून सर्वांत जवळचा समुद्रही तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. म्हणजे तेरणेकाठच्या कोणा स्त्रीच्या हातातील बांगडीने फार मोठा प्रवास केलेला आहे. हे विधान प्राणिशास्त्राच्या आधारावर उभे असल्याने तेथे ‘आहे’ हेच क्रियापद योग्य ठरते.

हस्तिदंताचीही तीच गोष्ट. हत्तीचा सुळा आडवा छेदला असता पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची बारीक जाळी दिसते. हाडात ही जाळी नसते. तेथे रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नलिकांचे ठिपके दिसतात. भिंगाखाली होणारी ही पारख संग्राहकाच्या किंवा लेखकाच्या मतावर अवलंबून नाही. अकीकाच्या मण्यांविषयी लिहिताना दख्खनच्या काळ्या पाषाणाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. लाव्हारस थिजताना त्यात वायूंच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून अकीक व त्याच्या जातीचे खडे तयार झाले. लाल खड्याचा रंग त्यातील लोहाच्या अंशामुळे येतो आणि तो भट्टीत तापवून गडद करता येतो. तेरच्या पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्तींकडे पाहिले तर पुष्कळ मूर्ती पोकळ असून त्यांच्या कडेने जोडरेघ दिसते. समोरचा व मागचा असे दोन साचे वापरून अर्धे भाग वेगळे काढावयाचे आणि ओले असतानाच जोडावयाचे, ही पद्धत त्या रेघेवरून कळते. ही दोन साच्यांची पद्धत रोमन जगाशी आलेल्या संपर्कातून आली, असे अभ्यासक मानतात. रेघ ‘आहे’ आणि संपर्क ‘असावा’, हा भेद एकाच मूर्तीविषयी लिहितानाही राखावा लागतो.

४. ‘असावे’चे क्षेत्र : तर्क आणि त्याचा पाया

तेर म्हणजेच तगर, हे विधान आज शालेय पुस्तकांतही निःशंकपणे येते. परंतु ते दीर्घकाळ तर्काच्या कक्षेत होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात दक्षिणापथातील दोन प्रमुख बाजारपेठा सांगितल्या आहेत. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर, असा तो उल्लेख आहे. तगरहून साधे कापड, तलम वस्त्रांचे अनेक प्रकार आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड गाड्यांतून भडोचला जाई. शिलाहार राजे पुढील काळात ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत. एवढ्या आधारावर विल्फर्ड यांनी देवगिरी, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर आणि रा. गो. भांडारकर यांनी धारूर अशी निरनिराळी स्थळे सुचविली होती. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर असे प्रतिपादिले आणि हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व विभागाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेथील अवशेषांचे वर्णन केले. पुढील उत्खननांनी या मताला बळकटी आणली.

हा तर्क वाचकाला स्वतः तपासता येण्याजोगा आहे आणि संग्रहालयपर लेखनाने तो तसाच मांडावयास हवा. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. वीस दिवसांनी भागल्यास रोजची मजल १७ ते १८ किलोमीटर येते. पैठण ते तेर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर असून दहा दिवसांच्या हिशेबाने रोजची मजल १५ किलोमीटर पडते. बैलगाडीच्या वाटेला वळणे असतात, हे लक्षात घेता दोन्ही मजला एकमेकींशी चांगल्या जुळतात. दिशेची अडचण मात्र उरते. ग्रंथ ‘पूर्व’ म्हणतो, तर तेर पैठणच्या आग्नेयेस आहे. परंतु त्याच ग्रंथाने भडोचच्या ‘दक्षिणेस’ म्हणून सांगितलेले पैठणही वस्तुतः आग्नेयेसच आहे. पैठणच्या ओळखीबद्दल शंका नसल्याने, ग्रंथकाराच्या दिशा स्थूल आहेत असे मानावयास आधार मिळतो. नुसते ‘तेर म्हणजे तगर’ असे वाक्य वाचकाला माहिती देते. हा हिशेब त्याला विचारात सहभागी करून घेतो. येथे आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. ज्या कापडासाठी तगर प्रसिद्ध होते, ते कापड मातीत विरून गेले आहे. काचेमागे जे आहे, त्यावरून नगराच्या वैभवाचा अंदाज बांधताना जे उरले नाही त्याचाही विचार लेखनात यावयास हवा.

तेरच्या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंती स्त्रीमूर्ती होय. तिचे नाते इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये अमेदेओ मैउरी यांना सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी जोडले जाते. व्हेसुव्हियसच्या इसवी सन ७९ मधील उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले, म्हणून ती मूर्ती त्यापूर्वीची आहे, हे निश्चित. हा ‘आहे’ ज्वालामुखीने दिलेला आहे. तिच्या बैठकीवर खरोष्ठी लिपीतील अक्षर कोरलेले आहे. खरोष्ठी ही वायव्येकडील लिपी आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन येथील उत्खननातही मिळाली. मग पॉम्पेईची मूर्ती दख्खनमध्ये घडली असावी की वायव्येकडे, याविषयी मतभेद राहिले. प्रारंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता पुष्कळ अभ्यासक तिला यक्षी मानतात. डोक्यातून आरपार कोरलेल्या छिद्रामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या आसनाचा पाय असावी, असाही तर्क केला जातो. तरीही ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ हे नाव टिकून आहे. एकदा ‘आहे’ म्हणून लिहिले गेलेले नाव पुढील संशोधनाने सैल झाले, तरी लोकांच्या तोंडून जात नाही. तेरच्या मूर्तीवर लिहिताना हे नाव आपोआप तिच्याकडेही येते आणि साम्य हळूहळू एकरूपता बनते. ‘पॉम्पेईच्या मूर्तीसारखी’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे. ‘तेरहून पॉम्पेईला गेलेली’ हा प्रयोग पुराव्याच्या पुढे जातो.

तेरच्या त्रिविक्रम मंदिराबाबतही हेच म्हणता येईल. विटांनी बांधलेली, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेली आणि वर गजपृष्ठाकार छप्पर असलेली ही वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असावी, असे तिच्या घडणीवरून मानले जाते. आज तेथे विष्णूच्या त्रिविक्रम रूपाची पूजा होते. या एका वाक्यातील ‘असावी’ आणि ‘होते’ या दोन क्रियापदांनी दोन सत्यांना आपापली जागा मिळते. त्यांपैकी एकाची जागा दुसऱ्याने बळकावली, की स्पष्टीकरण संपून वाद सुरू होतो.

५. ‘म्हणे’चे क्षेत्र : लोकस्मृती

लोकस्मृतीला इतिहासाची सावत्र बहीण समजून बाहेर ठेवण्याची प्रवृत्ती काही अभ्यासपूर्ण लेखनात आढळते. उलटपक्षी, काही लोकप्रिय लेखन तिला थेट पुराव्याच्या आसनावर बसविते. दोन्ही टोके टाळणे ‘म्हणे’मुळे शक्य होते. तेरची जुनी वीट पाण्यावर तरंगते, असे सांगितले जाते. हे ऐकल्यावर ‘चमत्कार’ म्हणणे किंवा ‘थाप’ म्हणणे, दोन्ही सोपे आहे. स्पष्टीकरणपर लेखन तिसरा मार्ग घेते. विटेच्या मातीत तूस किंवा भुसा पुष्कळ मिसळला, तर भाजताना तो जळून जातो आणि त्याच्या जागी हवेची छिद्रे राहतात. विटेचे वजन तिच्याएवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या वजनापेक्षा कमी भरले, तर वीट तरंगते. छिद्रांत पाणी भरत गेले, की तीच वीट कालांतराने बुडू शकते. याचा अर्थ तरंगणारी वीट संभवनीय आहे. अमुक एक वीट तरंगते की नाही, हे वजन-मापाने ठरवता येते. अशा रीतीने ‘म्हणे’पासून सुरुवात करून वाचकाला ‘आहे’च्या दारापर्यंत नेता येते.

गोरोबांच्या आख्यायिकेचा विचार मात्र वेगळ्या अंगाने केला पाहिजे. संतमेळाव्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने प्रत्येकाच्या डोक्यावर थापटून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ती घटना तशीच घडली का, हा प्रश्न संग्रहालयाच्या कक्षेत येत नाही. परंतु कथेतील रूपक ज्या कारागिरीतून उगवले, ती तेथे प्रत्यक्ष उपस्थित आहे. भाजलेले मडके टिचकी मारली असता खणखणते, कच्चे मडके बद्द वाजते. त्याचे कारण मातीच्या भाजणीत आहे. आव्यातील उष्णतेने मातीच्या कणांत बद्ध असलेले पाणी निघून जाते, कण एकमेकांशी सांधले जातात आणि मग ती माती पाण्यात पुन्हा विरघळत नाही. पक्केपणाची ही परीक्षा कुंभाराच्या रोजच्या व्यवहारातील आहे. सातवाहनकालीन मृण्मूर्ती आणि मध्ययुगीन संतकथा यांमध्ये सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. त्यांचा थेट संबंध जोडणे चूक ठरेल. पण माती, पाणी आणि अग्नी यांचे शास्त्र दोन्हीकडे एकच आहे, एवढे सांगितले तरी संतसाहित्याच्या विद्यार्थ्याला संग्रहालयाचे दार उघडते.

६. पांढरीची माती

मराठी ग्रामजीवनात ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. पांढरीचा फिकट रंग शतकानुशतकांच्या वस्तीतून आलेला असतो. चुलीची राख, ढासळलेल्या मातीच्या भिंती, चुना, शेण व हाडे यांचे थर एकावर एक साचून टेकाड तयार होते. म्हणून ‘पांढर’ हा शब्द स्वतःच एक पुरातत्त्वीय नोंद आहे.

हीच पांढरी माती मराठवाड्यात माळवदाच्या घरांवर पसरण्याची रूढी होती. माती उकरली, की टेकाडाचे थर विस्कटतात. मणी व मूर्ती हाती लागतात, पण त्यांचे ठिकाण हरवते. संग्रहालयातील वस्तूंचा ‘असावे’पणा अंशतः अशा उकरण्यातून आलेला असतो. तसेच ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी, सास्तूर व परिसरातील गावांत हजारो माणसे दगावली, त्यामागे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा भार ही मोठी कारणे होती. उन्हापासून रक्षण करणारे छप्परच काळ ठरले. मातीविषयी स्पष्ट लिहिणे ही या जिल्ह्यात केवळ विद्वत्तेची हौस नाही, हे यावरून ध्यानात यावे.

७. परंपरा आणि अध्यापन

विज्ञान व इतिहास मराठीतून समजावून देण्याची परंपरा नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० मध्ये, ‘मराठी ज्ञानप्रसारक’ १८५० मध्ये आणि ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये सुरू झाले. विसाव्या शतकात केतकरांचा ज्ञानकोश, १९२८ पासूनचे ‘सृष्टिज्ञान’ आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद यांनी ती पुढे नेली. पुरातत्त्वाच्या क्षेत्रात म. के. ढवळीकर यांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हे याच वाटेवरील पुस्तक होय. या लेखनाचा अभ्यास बहुधा परिभाषेच्या अंगाने होतो. कोणत्या इंग्रजी संज्ञेला कोणता मराठी शब्द योजला, याची चर्चा आवश्यक आहेच. तथापि परिभाषा शुद्ध असूनही विधान अशुद्ध असू शकते. क्रियापदाची निवड ही परिभाषेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक निर्णायक असते.

महाविद्यालयीन अध्यापनात याचा उपयोग सहज करता येईल. विद्यार्थ्यांनी जवळच्या संग्रहालयातील एक वस्तू निवडावी, तिच्यावर तीन परिच्छेद लिहावेत आणि प्रत्येक वाक्यातील क्रियापद अधोरेखित करावे. ‘आहे’ जेथे आले तेथे पडताळणी कोणी व कशी केली, ‘असावे’ जेथे आले तेथे तर्काचा पाया कोणता, आणि ‘म्हणे’ जेथे आले तेथे सांगणारा कोण, हे समासात लिहावे. ज्या वाक्याला समासात उत्तर मिळत नाही, ते वाक्य बदलावे किंवा गाळावे. व्याकरण, लेखनकौशल्य व संशोधनपद्धती हे तीन विषय या एका अभ्यासात एकत्र येतात.

८. समारोप

संग्रहालयातील वस्तू मुकी असते आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार लेखकाकडे येतो. तेरच्या उदाहरणावरून असे दिसते, की या अधिकाराची मर्यादा बाहेरून लादावी लागत नाही. ती मराठीच्या क्रियापदांतच आहे. द्रव्याविषयी ठामपणे बोलावे, भूतकाळाविषयी तर्काने बोलावे आणि लोकस्मृतीविषयी आदराने, पण हमी न देता बोलावे. थरांची नोंद हरवलेल्या वस्तूला तिचे ठिकाण परत देता येत नाही. तिच्याविषयी किती ठाऊक आहे आणि किती नाही, हे मात्र नेमके सांगता येते, आणि पुढील संशोधकाला तेवढाच आधार पुरेसा असतो.